चुन्याचा अंगरखा

ताईनं कोटावर कोट चढवला तेव्हा धाकटीला हसू आलं. त्यावर तिसरा चढवला तेव्हा आलं नाही.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत. ताई प्रमुख, धाकटी तिच्या हाताखाली. घरीही हीच व्यवस्था होती, फक्त इथं त्याचा पगार मिळायचा. थंड ठेवलेल्या एका खोलीत फळ्यांवर समुद्राच्या पाण्याचे फ्लास्क होते आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शैवाल. त्याची एकेक पेशी अंगावर चुन्याच्या गोल चकत्या चढवते, ढालीवर ढाल ठेवावी तशी. पण या शैवालाचा स्वभाव उफराटा. खायला भरपूर मिळालं की ते एकाचे दोन, दोनाचे चार होत सुटतं आणि चकत्या विरळ पडतात. पिढ्यान् पिढ्या सुखात गेल्या, तर एक दिवस चकत्या करायचंच विसरतं. बाकीच्या फ्लास्कांचं तेच झालं होतं. खाऊनपिऊन सुखी आणि अंगावर चिंधी नाही.

कवचाचं घराणं आता एकाच फ्लास्कमध्ये उरलं होतं. ताईनं त्याचं फॉस्फेट, म्हणजे खाणंच, तोडलं. फॉस्फेट नसलं की पेशीला दुभंगता येत नाही, पण चुन्याचं काम काही थांबत नाही. मग ती एकटीच बसून अंगावर थर चढवत राहते. पाणी दुधाळ झालं.

"याला म्हणतात चिकाटी," ताई म्हणाली.

"याला उपासमार म्हणतात, ताई."

"तुला दोन्हींतलं काय जमलंय आजवर?"

अन्नाच्या कणातही फॉस्फेट असतं, म्हणून ताईनं खोलीत खाणं बंद केलं. बाहेर जाऊन आलं तर कपड्यांवरून कण येतील, म्हणून बाहेर जाणं बंद केलं. राहता राहिलं जेवण, ते आपोआप बंद झालं. रिकाम्या पोटी थंडी जास्त वाजते. निधी आटल्यावर नोकरी सोडून गेलेल्यांचे पांढरे कोट खुंट्यांवर तसेच होते. ताई एकेक उतरवून अंगावर घेत गेली. यातली एकही गोष्ट धाकटीला खोडता येईना. ताईचं नेहमी असंच असायचं. पायरी पायरीनं सगळं बरोबर आणि शेवटी आपण विहिरीत.

आईचा फोन रोजचाच.

"जेवली का ती?"

"कोट घालून बसलीये."

"मी जेवणाचं विचारलं."

"मी तेच सांगतेय, आई."

फ्लास्कच्या तळाशी पांढरा साका बसू लागला. धाकटीनं त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. चकत्यांवर चकत्या, पेशी कुठं दिसेचना. तिनं वरची काच हलकेच दाबली. एक कवच फुटलं.

"ताई, यात आत कोणी नाहीये."

"बारीक झाली असेल," ताई म्हणाली. कोटांच्या कॉलरींमागे आता तिचं फक्त कपाळ दिसत होतं. बाह्या मोकळ्या लोंबत होत्या. थंडीनं हात आत घेतले असतील, असं धाकटीनं ठरवून टाकलं.

त्याच दुपारी तिनं फ्लास्कमध्ये फॉस्फेट सोडलं. चोरून करायची गरजच पडली नाही, एवढ्या कोटांत ताईला मान वळवता येत नव्हती. प्रयोग बुडेल, ताई आकाशपाताळ एक करेल, आणि चिडलेल्या ताईला भूक लागते हा घरचा जुना अनुभव. मग हिला हाताला धरून घरी न्यायचं. हात सापडला की.

दोन दिवसांत पाण्याचा दुधाळपणा गेला. हिरवट तपकिरी, तजेलदार दिसू लागलं. तळाचा साका मात्र तसाच होता. त्याला खाऊ घालायला उशीर झाला होता.

खुंट्या सगळ्या रिकाम्या झाल्या होत्या. खुर्चीवर कोटांचा ढीग ताठ बसला होता.

"ताई, उठ. घरी चल."

"पांढरं आहे ना गं?" आवाज जाड भिंतीपलीकडून यावा तसा आला.

धाकटीनं वरच्या कोटाची बटणं सोडली. आत कोट. त्याची सोडली. आत कोट. खुंट्यांवर इतके कोट कधी नव्हतेच, हे तिच्या लक्षात आलं, पण हात थांबेनात.

"सांग की, पांढरं आहे ना?" आवाज आणखी लांब गेला होता.

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण हो म्हटलं तर ताई तिथंच बसून राहील.

"हिरवं झालंय. मी खाऊ घातलं त्यांना. चल आता, आई ताट वाढून बसलीये."

तिनं आणखी एक बटण सोडलं.

"सगळ्यांनी खाल्लं?"

"पोटभर."

"मग उघडीच पडणार ती सगळी," ताई शांतपणे म्हणाली, लहानपणी चादरीच्या तंबूतून बोलायची तशी.

धाकटीनं हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. बोटांना गार, कोरडी भुकटी लागली. भुकटीच्या पलीकडे एक बटण लागलं, आणि तिनं ते घट्ट धरलं.

ते आतून कुणीतरी लावत होतं.