उबेतली गाडी

हातोडीचा आवाज बदलला, तसा आर्मंडने कॉफीचा कप खाली ठेवला.

लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभा राहून वेन्डेल पुढच्या चाकापासून मागे ठोकत येत होता. टण, टण, टण. चांगल्या लोखंडाचा आवाज. ड्रायव्हरच्या दाराखाली आल्यावर मात्र ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा भद्द आवाज झाला. वेन्डेलने तिथे पेचकस टेकवला. जोर लावायची वेळच आली नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि तांबड्या भुग्याची धार वेन्डेलच्या बुटांवर पडली.

"बॉस, जरा इकडे येता?"

वेन्डेल पन्नाशीचा. तरुणपणी गावच्या रस्ते खात्यात आर्मंडच्या हाताखाली त्याने दोन हिवाळे काढले आणि मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तोंडातलं 'बॉस' मात्र गेलं नाही. दर फेब्रुवारीत आर्मंड तपासणीसाठी गाडी त्याच्याकडेच आणायचा. पास झाली की काचेवर वर्षभराचा स्टिकर. नापास झाली तर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"गंजलीय का?" आर्मंडने विचारलं. वय एकोणऐंशी, त्यामुळे मान वर करून बघायलाही त्याला भिंतीचा आधार लागत होता.

"गंजलीय कसली, संपलीय. वरून बघाल तर आरसा. खाली नुसती चाळण."

आर्मंडने वर चमकणाऱ्या दाराकडे पाहिलं. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत व्हरमाँटमधल्या यच्चयावत गाड्यांचा रंग एकच, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेल्या मिठाच्या पुटाचा राखाडी. त्यात याचीच तेवढी गडद निळी, लखलखीत. समोरच्या मिसेस पेल्की रोज टोमणा मारायच्या, "काय आर्मंड, लग्नाला निघालास वाटतं!" त्यांच्या स्वतःच्या गाडीला विकत घेतल्यापासून पाणी लागलेलं नव्हतं. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने 'दया करा' असं लिहून ठेवलं होतं, तेही त्यांनी पुसलं नव्हतं. आर्मंड मात्र रोज घरी आला की बादलीभर कोमट पाणी घ्यायचा. आधी चाकांवरच्या कमानी, मग दारांच्या कडा, मग गुडघ्यांवर बसून नळीने खालची बाजू. गुडघे कुरकुरायचे, पाठ म्हणायची आता पुरे, पण एकही दिवस चुकला नाही. एकतीस हिवाळे ज्याने पहाटे उठून ट्रकमधून रस्त्यांवर मीठ पसरलं, त्याला मीठ काय करतं हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

आणि गाडी टिकवायचं कारणही तसंच होतं. गेल्या वसंतात तो पायरीवरून घसरून पडला, तेव्हा बर्लिंग्टनहून मुलगी आली. कॅरोल म्हणजे आईची वाघीण लेक. तिने स्वयंपाकघरात समोर बसवून त्याच्याकडून शब्द घेतला होता.

"पपा, ही गाडी चालतेय तोवर चालवा. ती गेली की किल्ली माझ्या हातात. नवी नाही, जुनी नाही, कुणाची मागून आणलेली नाही. कबूल?"

"कबूल," आर्मंड एका दमात म्हणाला होता, आणि मनातल्या मनात हसलाही होता. ही गाडी आपल्यापेक्षा जास्त जगणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अठरा मैलांवरच्या शुश्रूषागृहात लुसील होती. त्याची बायको. झटका येऊन उजवा हात गेला आणि अर्धं तोंड वाकडं झालं, त्याला दोन वर्षं झाली. जीभ मात्र शाबूत होती, किंबहुना जास्तच धारदार झाली होती. पन्नास वर्षं सगळ्यांना वाढून जेवू घातलेली बाई. परक्याच्या हातून घास घेणं तिला मरणाहून वाईट वाटायचं. पहिल्या हिवाळ्यात वादळामुळे आर्मंडला दोन दिवस जाता आलं नाही, तर ती दोन दिवस दात घट्ट मिटून बसली होती. "मी काय पाखराचं पिल्लू आहे?" असं तिने नर्सला सुनावलं होतं. तेव्हापासून बरोबर साडेअकराला आर्मंड तिथे हजर. तो भरवायचा, ती खायची, आणि सूप आळणी आहे म्हणून रोज भांडायची. त्या दोघांचं आता तेवढंच घर उरलं होतं.

वेन्डेल हात पुसत म्हणाला, "बॉस, रात्री गाडी कुठे असते?"

"गॅरेजमध्ये."

"हीटर लावता?"

"म्हणजे काय! रात्रभर लावतो. धुतलेली गाडी गारठली की दारं गोठून बसतात. सकाळी कोण ओढत बसणार? लुसीलला अकरा-पस्तीस झालेले चालत नाहीत."

वेन्डेलने हातातलं फडकं उगाचच पुन्हा पिळलं.

"काय झालं? बोल की."

"थंडीत मीठ झोपलेलं असतं, बॉस. कडाक्याची थंडी असली की ते काही करत नाही. तुम्ही त्याला रोज रात्री उठवून बसवलंत. नळीने वरचं जातं, पण फटींत, पोकळीत राहिलेलं कुठं निघतं? ते आत ओलं राहतं. ओल आणि वर ऊब. त्याला आणखी काय पाहिजे?"

"आणि पेल्कीबाईंची?"

"ती उघड्यावर गोठून पडलेली असते ना! काल पास झाली." वेन्डेलला हे सांगताना लाज वाटत होती.

आर्मंड जवळच्या टायरवर बसला. रस्ते खात्याची शेड त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिथे हीटर बसवायला त्यानेच भाग पाडलं होतं, आणि आठव्या वर्षी प्रत्येक ट्रक कुजून जायचा. मार्चच्या गावसभेत तो टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि सांगायचा, "मंडळी, मीठ फार वाईट, नवा ट्रक घ्यावा लागेल." सगळं गाव मान डोलवायचं. शेडबद्दल कुणी विचारलं नाही. त्यालाही कधी सुचलं नाही. एवढी वर्षं ज्या मिठाची चाकरी केली, त्याची साधी सवय आपल्याला कळली नाही, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की क्षणभर गाडीचंही विसरायला झालं.

वेन्डेलने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "ऐका. मी पत्रा मारतो, वरून काळं फासतो. मेपर्यंत खेचेल. स्टिकर लावतो आणि मोकळे व्हा. तुम्ही कुठे जाता ते अख्ख्या गावाला माहीत आहे. कोण वाकून बघणार आहे?"

आर्मंडला हो म्हणायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. हो त्याच्या अगदी ओठांवर आला होता. पण बसल्या जागेवरून त्याला पेचकसाच्या भोकाशेजारून गेलेली बारीक नळी दिसत होती. तिच्यावर फोड आले होते.

"ती ब्रेकची ना?"

वेन्डेलने नजर चुकवली. "तीही बदलू की."

"कशाला अडकवशील? नवी नळी धरायला तिथं लोखंड कुठं उरलंय?"

खाणीच्या उतारावरून रोज अकरा वाजता त्याची गाडी खाली यायची आणि त्याच वेळी बालवाडीची बस वर चढायची. ड्रायव्हर पोरगी हात करायची, तोही करायचा. त्या उताराच्या खालच्या ओढ्यातून नोकरीत असताना त्याने साखळी लावून दोन गाड्या बाहेर काढल्या होत्या. एकीत माणूस जिवंत होता.

"खरवड तो जुना स्टिकर," आर्मंड म्हणाला.

"बॉस, एकदा विचार करा. ती जेवायची नाही."

"मला सांगतोस?" आर्मंड ओरडला. मग टायरवरून उठत त्याने आवाज उतरवला. "खरवड म्हटलं ना, बाबा. आणि मला घरी सोड."

त्या दिवशी वेन्डेलने त्याला आधी शुश्रूषागृहात नेलं आणि मग घरी सोडलं. गाडीचं आर्मंड लुसीलजवळ बोलला नाही. संध्याकाळी त्याने कॅरोलला फोन केला. ती 'सांगितलं होतं ना' म्हणेल म्हणून तो तयारीत होता, पण तिने आधी तो जेवला का ते विचारलं. मग म्हणाली, "पपा, रविवारी मी नेईन तुम्हाला. दर रविवारी." म्हाताऱ्यांसाठी सरकारी व्हॅन होती, ती मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस. उरलेल्या चार दिवसांचं काय, हे दोघांनीही उच्चारलं नाही.

दुसरा दिवस गुरुवार. साडेअकरा वाजले तेव्हा आर्मंड फोनशेजारी बसून होता. नंबर तोंडपाठ होता, पण काय ऐकावं लागेल याची भीती वाटत होती. बारा वाजले, एक वाजला. त्याने स्वतःसाठी अंडं उकडलं आणि तसंच ठेवून दिलं. मग रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन त्याने हीटर बंद केला. वास्तविक तो कालच बंद करायला हवा होता.

शुक्रवारी व्हॅन वाटेत आणखी तिघांना घेत, दवाखान्याच्या दारात थांबत थांबत गेली. पोचायला बारा वाजून दहा मिनिटं झाली. कोट न काढताच आर्मंड जेवणघराकडे निघाला. हातातली काठी सतत घसरत होती. दारात पोचला आणि थबकला.

खिडकीजवळच्या टेबलाशी शेली नावाची मदतनीस लुसीलसमोर बसली होती. शेलीने चमचा पुढे केला. लुसीलने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि घास घेतला. थोडं सूप हनुवटीवर ओघळलं, शेलीने टिपलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तोंड उघडलं. कडू औषध घ्यावं तशी ती जेवत होती.

तिने डोळे उघडले तेव्हा तो समोर उभा होता.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"व्हॅन सगळ्यांना गोळा करत येते."

"कॅरोलनं फोनवर सांगितलं मला सगळं. बरं झालं गेली ती गाडी. माझ्यापेक्षा तिलाच जास्त आंघोळी घातल्यास तू."

आर्मंड हसला, पण त्याचा चेहरा साथ देईना.

शेली कौतुकाने म्हणाली, "काल तर यांनी अख्खी वाटी संपवली. पहिल्या घासाला रडल्या, पण मला म्हणाल्या, थांबू नकोस, तो आल्यावर पहिलं हेच विचारणार आहे—"

"शेली, तुझी बडबड पुरे."

शेली ओशाळून उठली. स्टुलावरची जागा तिने मोकळी केली आणि चमचा आर्मंडपुढे धरला. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला.

"नको," लुसील म्हणाली. "तिलाच भरवू दे. उद्या तीच असणार आहे."

आर्मंडने हात मागे घेतला. पलीकडची खुर्ची ओढून तो कोटासकट बसला. शेलीने चमचा भरला, फुंकर घातली आणि पुढे नेला. लुसीलने तोंड उघडलं, आणि तिच्याबरोबर आर्मंडचंही तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या चमच्याला पुन्हा तसंच. वाटी संपेपर्यंत ते त्याच्या लक्षात आलं नाही.