कोंडिबानं उचललेला देव

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला मेलेल्या माणसांची भीती नसते, त्यांच्या नातवंडांची असते. माझ्या कादंबरीतल्या कोंडिबाचा नातू जयसिंग हा माझाच आतेभाऊ, त्यामुळे भांडण घरातल्या घरातच होतं.

मी जया, नांदे गावची. वरच्या खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्यानं देते आणि खाली बसून कादंबऱ्या लिहिते. मुळशीच्या धरणात गेलेल्या एका गावातला हा कोंडिबा. पाणी चढत असताना वाघजाईची शिळा डोक्यावर घेऊन तो डोंगर चढला आणि वरच्या नव्या गावाला देवी मिळाली, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगतं. त्याच्यावर लिहायला बसले खरी, पण अर्ध्यातच मला त्याचा कंटाळा आला. उंच, शूर, निर्व्यसनी. असल्या माणसाबरोबर एक वेळ जेवणंसुद्धा जड जातं.

मग एके दिवशी अंगणात वाल सोलताना लीलाआत्या सहज बोलून गेली. आत्या म्हणजे कोंडिबाची सून, जयसिंगची आई. नवी नवरी असताना तिला सासऱ्यानंच सांगितलेलं होतं. म्हणाली, मामंजींनी चुकून दुसराच धोंडा उचलला होता.

माझ्या हातातली वाटी खाली पडली. आत्या वाल वेचत पुढं सांगत राहिली. जुन्या गावात एकाच झाडाखाली दोन शिळा होत्या, दोन्ही शेंदरानं माखलेल्या. एक वाघजाई, दुसरा कोंडिबाच्या शेताचा राखणदार म्हसोबा. गुडघाभर पाण्यात, घाईघाईत त्यानं हाताला लागली ती उचलली. वर नेऊन धुतली तेव्हा त्याला खालच्या कडेची उडालेली कपची दिसली. ती त्याच्याच बैलगाडीचं चाक घासून उडालेली होती. तो पळत माघारी गेला, पण तोवर झाडाखाली पुरुषभर पाणी चढलं होतं. आणि इकडं गावातल्या बाया ओटीची ताटं घेऊन वाट बघत बसलेल्या.

बिचाऱ्यानं काय करावं? त्यानं शिळेच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि कौल लावला. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आजपासून आई व्हशील का?" एवढंच त्यानं विचारलं. उजवी पडली. मग त्यानं आपल्या हातानं म्हसोबाला साडी नेसवली आणि गावाला हाक मारली.

मला रडू आलं आणि हसूही. इतके दिवस ज्याला पुतळ्यासारखा उभा करत होते तो माणूस एकदाचा घाबरलेला, ओलाचिंब असा समोर दिसला. हे प्रकरण नसेल तर कादंबरी फाडून टाकेन, असं मी आत्याला म्हणाले.

जयसिंगला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पूजा त्यांच्याच घराकडे, पालखीचा पहिला खांदा त्यांचा. आजोबा चुकले हे छापून आलं तर गावात मान वर करून चालता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. मी पुष्कळ समजावलं, चिडले, नावं बदलते म्हणाले. नावं बदलून काय उपयोग, देवी उचलून आणणारा तालुक्यात एकच, असं तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, देवीलाच विचारायचं. कौल देईल तसं.

सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. बाहेर लवासाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. जयसिंगनं अंघोळ करून ओलेत्यानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि विचारलं, "आई, ही गोष्ट जयानं लिहावी का?"

बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी पडली.

जयसिंगनं सुटकेचा निःश्वास सोडला. कौल तो कौल, मी मुकाट्यानं चपला शोधायला वळले. आत्या मात्र गुडघ्यावर हात देत उठली आणि गाभाऱ्यात गेली.

"लेका, तू आईला इचारलंस. आईला लेकराच्या अब्रूचीच काळजी असनार. पर गोष्ट ज्येची हाय त्येला कोन इचारनार?"

आत्यानं देवीच्या साडीचा काठ जरासा वर केला. शेंदराच्या थराखालीही त्या कपचीची खाच बोटांना लागत असावी, कारण तिचा हात तिथंच थांबला. तिनं नव्या कळ्या पाण्यात बुडवून लावल्या.

"म्हसोबा," ती हळू म्हणाली, "शंभर वरसं झाली, दुसऱ्याच्या नावानं बसलायस. आमची लेकरं राखलीस, ओट्या घेतल्यास, आन् तुजं नाव कुनी काडलं न्हाई. आता सांगू दे का पोरीला?"

उजवी कळी लगेच पडली.

जयसिंगनं कोपऱ्यातला नारळ उचलला. देवीचा नारळ तो रोज फोडतो, पण आज दगडावर आपटण्याआधी तो थांबला आणि कुणाचं नाव घ्यायचं हे आठवावं लागल्यासारखा चाचरत म्हणाला, "म्हसोबाच्या नावानं."

आत्यानं डोळे पुसले आणि वाघजाईच्या साडीचा काठ पुन्हा नीट खाली ओढला.