शिंपीणकाकूंनी उघडलेली बरणी

अरे ऐका ना मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटते! मी एक जुनी काचेची बरणी आहे. आणि माझ्यासारखी नोकरी जगात कुठल्याच बरणीला नसेल.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद काच, आत एक जोरदार फुंकर, की मी तयार! डोक्यावर निळं पत्र्याचं झाकण, पोटात लिंबाच्या गोळ्या, आणि घर डॉक्टरीणबाईंचं. त्यांच्या बाबांना गोळ्या भारी आवडायच्या. पण बाबांना कंपवात झाला, हात थरथरायला लागले, आणि एक दिवस ते मला उघडायला गेले तर मी उघडेचना. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी गुपचूप मला फडताळात मागे सरकवलं. तिथे मी धूळ खात पडले ते पडलेच. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला घासूनपुसून काढलं आणि थेट आपल्या कचेरीत आणलं.

कुठली कचेरी? अहो, आजारी माणसांना तपासून सरकारी मदतीचा दाखला देतात ना, ती! कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला फिट येतात, कुणाची एक बाजू लुळी पडलेली. प्रत्येकाची तपासणी वेगळी. पण बोटांचं दुखणं घेऊन कुणी आलं, की टेबलावर मी! पकड मोजायचं यंत्र आहे तिथे, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, "घरात काय होतं ते मला माझी बरणीच सांगते." हे ऐकलं की मला काय भाव चढतो म्हणून सांगू!

तर एका सकाळी आल्या शिंपीणकाकू, सोबत त्यांची सून. आमवाताने काकूंची बोटं सुजून वाकडी झालेली. सुनेने खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. दाखला मिळाला तर महागडं इंजेक्शन फुकट मिळेल. नाही मिळाला तर बोटं अशीच आखडत जाणार, आणि शिलाई कायमची बंद.

मी ठरवलं, आज मेले तरी उघडायचं नाही! सगळा जीव एकवटून झाकण आवळलं.

आणि काकूंनी काय करावं? मला काखेत दाबलं, झाकणावर रुमाल टाकला, दातओठ खाल्ले आणि कट्ट! उघडले की मी!

"झालं!" काकू अशा ऐटीत म्हणाल्या, जणू वर्गात पहिल्या आल्यात.

सुनेने कपाळावर हात मारला. "अहो आई, काय केलंत हे! इथे काय बक्षीस वाटतायत?"

"मग परीक्षेत मुद्दाम नापास होऊ? माझ्या हातचा एक कपडा कधी परत आला नाही, माहितीये ना?"

"आणि बाहेर बाकावर थर्मासातल्या गरम पाण्यात हात बुडवून बसला होतात, ते सांगू का मॅडमना?"

"सांगितलंस की गं आता!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. हसू दाबत त्या म्हणाल्या, "काकू, फर्स्ट क्लास! आता झाकण लावा आणि पुन्हा उघडा बघू."

झाकण कसंबसं लागलं. पण एव्हाना शेक उतरला होता. काकूंनी जोर लावला, बोटं घसरली. परत लावला, परत घसरली. आणि मित्रांनो, शपथेवर सांगते, या वेळी मी आवळून धरलंच नव्हतं! रुमाल खाली पडला, तोही त्यांना उचलता येईना.

"रोज सकाळी असंच होतं?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

काकूंनी मान खाली घातली. "वेणीसुद्धा हीच घालून देते. दुपारी जरा सैल पडतात बोटं. पण हे काय चारचौघांत सांगायचं?"

"चारचौघांत नका सांगू, मला सांगा. एकदा जमलं म्हणजे जमतं असं नसतं हो काकू. रोज जमायला हवं. माझे बाबाही असेच गप्प बसले होते." आणि त्यांनी सरसर लिहायला घेतलं.

सुनेने सासूबाईंना अशी मिठी मारली की काकू ओरडल्या, "अगं सोड, आता हाडांचाही दाखला काढायला लावतेस का?" सगळी खोली हसली. मीसुद्धा, झाकणाच्या आतल्या आत!

म्हणून सांगते मित्रांनो, कुणी बरणीशी झटताना दिसलं तर ती हिसकावून घेऊ नका. "देऊ का उघडून?" असं विचारा. आणि तुम्हालाच जमत नसेल, तर आम्हाला फडताळात मागे सरकवू नका. बिनधास्त हाक मारा.

पण थांबा, गंमत तर पुढेच आहे! दुपारी शिक्का मारलेला दाखला न्यायला काकू परत आल्या. बोटं जरा सैल, चेहरा खुललेला. दाखला सुनेच्या हातात दिला आणि म्हणतात कशा, "मॅडम, ती बरणी द्या जरा. आता परीक्षा नाही, नुसती हौस. मला एक गोळी हवीय, आणि ती माझ्याच हाताने काढायचीय."

काकूंनी मला पोटाशी धरलं. त्यांची वाकडी बोटं झाकणावर बसली. सून श्वास रोखून बघतेय, डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्यात. जरा ढील दिली असती तर मी चुटकीसरशी उघडले असते. पण काकूंचा स्वभाव तुम्ही पाहिलात ना? अशी आयती मिळालेली गोळी त्यांना गोड लागली असती का?

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर झाकण सैल सोडलं असतं, की घट्ट धरून काकूंना खरंखुरं जिंकू दिलं असतं?