टाकीची सावली

“बाबा, जरा इथं उभे राहा,” सून म्हणाली. “आणि खाली बघा.”

दवाखान्याच्या गच्चीवर जनरेटरवाले सासरे येऊन उभे राहिले. पायाशी पाण्याच्या टाकीची सावली होती. तिचं टोक शेवटच्या सौर पॅनेलवर असं ऐसपैस टेकलं होतं, जणू आगाऊ भाडं भरून बसलंय.

“एवढीशी तर आहे. एकाच्या कोपऱ्यावर.”

“वर्गात काय शिकवलं होतं?”

“मी मागच्या बाकावर होतो.”

“म्हणूनच ओरडून शिकवलं होतं.”

शिकवलेलं त्यांना पाठ होतं. आधी घरात वीज खाणारी तोंडं मोजायची, मग बॅटरी ठरवायची, मग पॅनेल. आणि पॅनेल एकामागे एक जोडली की एकानं पाय ओढला, तर अख्खी रांग त्याच्याच चालीनं चालते.

जन्मभर जनरेटर भाड्यानं देऊन पोट भरलेला हा माणूस. छपराछपरांवर पॅनेल चढली तसा धंदा बसला आणि धंद्याबरोबर तेही घरात बसले, पंख्याकडे बघत. बायको म्हणायची, “नका हो असं बघू, पंखासुद्धा लाजतोय.” सौर वीज बसवायला शिकवणारी सून एकदा जेवताना म्हणाली, “उद्यापासून वर्गात या. खुर्ची ठेवलीय.” विचारलं नाही, सांगितलं. उपकार करावा तर असा. घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही आणि आभार मानायलाही जागा नाही.

आणि हे त्यांचं पहिलं काम. दवाखाना जुनं गिऱ्हाईक, त्यांचाच जनरेटर अजून खाली उभा. डॉक्टरीणबाईंनी रोखठोक सांगितलं होतं, “उद्या दिवसभर मेन स्विच बंद ठेवते. लसींचा फ्रीज संध्याकाळपर्यंत चालला तर पुढची सगळी कामं तुमची. नाही चालला, तर आपला जनरेटरच बरा.” सासऱ्यांसाठी सुनेनं स्वतःचा शब्द टाकला होता.

“इथं बसवलं तर केबल वाचत होती,” ते पुटपुटले. “सकाळी इथं लख्ख ऊन होतं.”

“सूर्य काय जनरेटर आहे, बाबा, आणून ठेवला तिथंच उभा राहायला?”

जिन्यावरून दोन विद्यार्थ्यांनी विचारलं, “मॅडम, झालं का?”

“रांग थोडी पुढं घेतोय,” सून म्हणाली. कोणाच्या चुकीमुळे, ते तिनं गिळून टाकलं. गिळलेलं ते वाक्य सासऱ्यांनी मात्र मनात नीट जमेला धरलं.

उन्हात पॅनेल काही झोपत नाही, वीज करतच राहतं, म्हणून त्यावर दवाखान्याच्या चादरी टाकल्या आणि मगच वायर सोडवल्या. ते गुडघ्यांवर बसून पाना फिरवू लागले, पलीकडून तिनं चौकट धरली. कंबर कुरकुरत होती. कमरेकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. टाकीपासून पुरेशा अंतरावर शेवटचा नट आवळून झाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते फ्रीजजवळ स्टूल टाकून बसले. जनरेटरांनी एक कान केव्हाच नेला होता, म्हणून फ्रीजच्या अंगावर तळवा ठेवून ते आतली घरघर तपासत. नर्स म्हणाली, “काका, पेशंटची नाडीसुद्धा इतक्यांदा बघत नाही आम्ही.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फ्रीज उघडून आतला थर्मामीटर पाहिला, दार लावलं.

“चालला. पुढची कामं तुमची,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “खालचा जनरेटर घेऊन जाल ना? जागा अडते.”

“आत्ताच नेतो.”

खाली जाऊन त्यांनी डिझेलचा कॉक बंद केला. फडक्यानं टाकी पुसली, मूठ पुसली, कुणी पुसत नाही तो मागचा पत्राही पुसला. टेम्पो दारात लागला होता. सुनेनं वाकून पलीकडची मूठ धरली.

“उचलायचा, बाबा?”

“थांब,” ते सवयीनं म्हणाले. “जरा गार होऊ दे त्याला.”

जनरेटर दिवसभर लागलाच नव्हता. सून मूठ धरून तशीच उभी राहिली.