बोळकं ऊन

नेकनूरकडच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरं हाकणाऱ्या सुग्रीवनं थाप सुरू केली, की मेंढरंसुद्धा रवंथ थांबवायची. एका साली म्हणे असं ऊन पडलं, की बिऱ्हाडाच्या घोड्यावर बांधलेल्या कोंबडीनं अंडं घातलं ते उकडलेलंच! माणसं पोट धरून हसायची. त्याची बायको कडूबाई मात्र टाचा चोळत बसायची. टाचांच्या त्या भेगांत ज्वारी पेरली असती तर हुरड्याला आली असती.

"आवं, जल्मात एकदा सावलीला बसवा मला," एवढंच तिचं मागणं.

मेंढरं विकली, घरकुल झालं, तेव्हा सुग्रीवनं दिलेला शब्द पाळला. आयुष्यात पहिल्यांदाच. पूर्वेच्या भिंतीत बीडहून आणलेली जाड काच बसवली, तिच्याखाली बाज टाकली आणि गावभर सांगत सुटला, "ही काच उन्हाचे दात उपटून घेती! आत येतं ते बोळकं ऊन. चावायचं नावच न्हाई."

सहा वर्षं त्यानं कडूबाईला उंबरा ओलांडू दिला नाही. पाणी त्यानं आणलं, सरपण त्यानं आणलं.

"वट्ट्यावर तरी बसू द्या. अंग आंबून गेलंय."

"कावून? राणी कुठं वट्ट्यावर बसती व्हय?"

पुढं तिची कंबर धरली, मांड्या भरून यायला लागल्या. "सुख दुखायलंय तुला," म्हणून तो हसला.

गेल्या महिन्यात साध्या गोधडीत पाय अडकला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

"आजी उन्हात जात नाहीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज ऊन घेती की. काचंतनं," सुग्रीव म्हणाला.

"बाबा, ज्या किरणांनी हाडं घट्ट राहतात, ते कातडीवर थेट पडावे लागतात. काच नेमके तेच अडवते. उजेड येतो, ऊब येते, ते येत नाहीत. हाडं मऊ पडलीत त्यांची."

सुग्रीवनं उभ्या जन्मात मारलेल्या थापांतली एकच खरी निघाली होती.

आता रोज सकाळी तो कडूबाईला उचलून अंगणातल्या बाजेवर ठेवतो. रस्त्यानं जाता जाता गावातल्या मुंजाजीनं टोमणा मारला, "काय तात्या, बोळक्या उन्हाला दात आले का?" सुग्रीव तिच्या पिंढरीवरचं लुगडं वर सारतच राहिला.

"आवं, मी चालंन का परत?" कडूबाईनं विचारलं.

एरवी त्यानं थापेत तिला बालाघाटाचा डोंगर पळत चढवला असता.

"मला ठावं न्हाई, कडू."

"आता हुती गरज, तर आटली व्हय तुमची थाप?" ती म्हणाली. मग वाळलेला हात पुढं करून तिनं त्याला हळूच ढकललं. "जरा सरका तिकडं. तुमची सावली पडायली माझ्यावर."

तो सरकला.