टबाचा काळा थर

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मधोमध पाण्याचा टब. हवा भरलेली ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे पंक्चर. टब मूळचा पांढरा. पण रबराच्या भुकटीनं नि तेलकट हातांनी आतून तव्यासारखा झालेला. तो घासायची कुणाची टाप नव्हती. "काळ्यावर बुडबुडा दिसतो, पांढऱ्यावर लपतो," मामंजी सांगत.

त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंना डेंग्यू झाला. त्या बऱ्या झाल्या, पण डॉक्टरांनी बजावलं, की पुन्हा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. आधी घरातले डास घालवा. म्हणून त्या बहिणीकडे जाऊन राहिल्या. त्याला दोन महिने झाले होते. मी नवी सून, घरात मोकळेपणानं बोलायला त्या एकट्याच. त्यांच्यावाचून स्वयंपाकघर खायला उठे.

आम्ही करायचं ते सगळं केलं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्या, जुने टायर छपराखाली नेले, पिंपांवर घट्ट झाकणं बसवली. टब तर मामंजींनी स्वतः रिकामा करून दोन दिवस उन्हात वाळवला, मग भरून वर फळी ठेवली. तिसऱ्या दिवशी फळी उचलली, तर पाण्यात केसाच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळताहेत!

"नळातूनच येताहेत मेल्या," मामंजी म्हणाले.

"नळाला दोष दिला की आपण मोकळे," शेजारचे घड्याळजी त्यांच्या दुकानातूनच हसले.

"तुम्ही आपले काटे फिरवा!"

मला मात्र चैन पडेना. फळीखाली डास शिरला कधी? टब पुन्हा वाळवून घेतला. मग एकाच नळाचं पाणी टबात भरलं आणि एका स्वच्छ बरणीतही. दोन्हींवर पातळ कापड ताणून बांधलं आणि त्या दिवसांत टबाला कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या दुकानात इतक्या खेपा व्हायला लागल्या, की मामंजी म्हणाले, "सूनबाई, तिथं काय दूध तापत ठेवलंयस?"

तिसऱ्या दिवशी बरणीतलं पाणी नितळ होतं. टबात वळवळ.

म्हणजे नळ नव्हे, बाहेरून आलेला डासही नव्हे. उरला टबच. मी घड्याळजींचं भिंग मागून आणलं, टब उपडा करून रिकामा केला आणि उजेडात धरला. पाणी जिथवर असे, तिथे काळ्या थरात खसखशीहून बारीक काळे दाणे चिकटले होते. ती अंडी. काळ्यावर काळी, कुणाला दिसणार? उन्हात ती मरत नव्हती, नुसती पाण्याची वाट बघत पडून राहत होती.

मामंजींनी भिंग डोळ्याला लावलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"आपणच पोसली की गं ही."

"टब घासायला हवा, मामंजी."

"मग बुडबुडे कुठं बघू? तुझ्या तोंडावर?"

"बुडबुडे बघायचेत की थोरलीला आणायचंय?" घड्याळजींनी विचारलं.

मामंजी बाह्या वर सारत उठले. तारेचा ब्रश घेऊन खाली बसले आणि दुपारपर्यंत घासत राहिले. संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या टबात बुडबुडा काही दिसेना. मामंजींनी गाल ओला केला, ट्यूब त्याच्याजवळ फिरवली, डोळे मिटले. "हं, इथं. गार लागतंय."

त्यानंतर दर आठवड्याला टब घासला जाऊ लागला. मी रोज पाणी बघून जाऊबाईंना पत्रातून कळवत होते. तीन आठवडे एकही अळी नाही, घरात डासांची गुणगुण नाही, तेव्हा त्या आल्या.

आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. पिशवी खांद्यावरच.

"आधी टब दाखवा."

त्या वाकल्या. पाण्यावर, कडेवर, तळाशी, सगळीकडे नजर फिरवली. तीस वर्षं सायकली दुरुस्त केलेले मामंजी परीक्षेला बसल्यासारखे बाजूला उभे होते. शेवटी जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "धाकटे, माझं अंथरूण कुठं ठेवलंयस?"