कोरडेबाबांची भिंत

तळघराच्या पायऱ्यांवर अख्खी गल्ली दाटीवाटीने उभी होती. पुढचा मागच्याला सांगत होता, मागचा रस्त्यावरच्याला. "सुकली! खरंच सुकली!" आठ दिवस बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दर पावसात पाझरणारी ती भिंत आज खडूसारखी कोरडी होती. तिच्यापुढे कोरडेबाबा डोळे मिटून गात होते :

"थेंबा थेंबा, थांब थांब,
वाट तुझी लांब लांब,
इथे माझी बसली आण,
माघारी जा, पाण्या, जाण!"

आणि पाणी माघारी गेलं होतं!

तळघर शिवणताईचं. तीन मशिनी, कापायचं टेबल, आणि मशीन फिरली की तिच्या ओठांवर आपसूक येणारं गाणं. भिंतीला तीनदा रंग दिला, तीनदा तो पापुद्रे धरून गळला. ठेवणीतल्या कापडांना बुरशी आली. शेवटी थकून तिच्या नवऱ्याने बाबांना आणि त्यांच्या शिष्याला आणलं. मशिनी सात दिवस बंद ठेवायच्या, असा बाबांचा हुकूम होता. तो तिने पाळला.

आज आठवा दिवस. गर्दी पांगल्यावर तिने एक झबलं शिवायला घेतलं. दुसऱ्या सकाळी भिंत पुन्हा घळाघळा रडत होती.

"सुई टोचली पाण्याला!" बाबा कळवळले. "आता एकच उपाय. मशिनी वर न्या, इथे माझं आसन मांडा. पाण्याला माझ्या सहवासाची ओढ लागली आहे."

"आसनाला गादी लागेल का हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"दोन लागतील. पाणी हळवं आहे."

नवऱ्याने मान डोलावली. "उद्या दुपारी मशिनी हलवू. तू जिन्याखाली शिवत जा."

"जिन्याखाली? अहो, तिथे माझी मान तरी सरळ होईल का?"

"हट्ट करू नकोस. डोळ्यांनी बघितलंस ना?"

बघितलं होतं. म्हणूनच तिला चैन पडेना. संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातला चंदेरी कागद कापला आणि भिंत पुसून त्याचे चौकोन तिच्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के बसवले. खोलीतली वाफ भिंतीवर जमत असेल, तर थेंब कागदाच्या वर दिसतील. पाणी भिंतीतून येत असेल, तर कागदाच्या मागे.

सकाळी सगळे कागद वरून कोरडे होते. कोपऱ्यातला एक सोलला, तर मागून थेंब ओघळले.

ती छत्री घेऊन घरामागे गेली. इतकी वर्षं सगळ्यांनी भिंत आतूनच रंगवली, आतूनच पुजली. बाहेरून बघायला कोणी गेलंच नव्हतं. नेमकं त्याच कोपऱ्यात छताचं पाणी आणणारा पाइप उतरत होता. त्याच्या तोंडाखालची माती खचून वाडग्यासारखा खळगा झाला होता. पाइपच्या टोकावर मात्र ताजे ओरखडे होते. आणि बाबांचा शिष्य रोज जप करायला बसायचा, तोही इथेच.

दुपारी पाऊस थांबला, भिंतीची धार ओसरली आणि मशिनी हलवायला गल्ली जमली. बाबा गादीवर बसले. शिवणताईने बादल्यांत कपड्यांची नीळ कालवली.

"बाबा, तुम्ही पाण्याला अडवा. मी बाहेर खळग्यात ओतते."

चार बादल्या ओतून ती आत आली. बाबांनी सूर लावला, "थेंबा थेंबा..." पाव तास गेला. मग कोपऱ्यातून एक थेंब डोकावला, त्याच्यामागून दुसरा.

"अगं बाई, निळी रडतेय!" काकू किंचाळल्या.

"हे... हे दैवी आहे," बाबा पुटपुटले.

"नीळ आहे, बाबा. दुकानात मिळते."

शिष्य मागच्या मागे सटकत होता. काकूंनी त्याची झोळी धरली. आतून पाइपच्या तोंडाला जोडायचा वाकडा एल्बो निघाला.

"हा बाबांचा कर्णा आहे," शिष्य म्हणाला.

"मग फुंक की!"

त्याने फुंकला. कर्ण्यातून चिखल आणि एक कुजलेलं पान बाहेर पडलं. हसण्याचा असा लोट उठला, की शिष्याचा धीरच सुटला. "बाबांनी सांगितलं की पाइपला बसवायचो, सांगितलं की काढायचो!"

"म्हणजे हा बसवला की पाणी गटाराकडे वळतं," शिवणताई नवऱ्याकडे बघत म्हणाली. "काढला की खळग्यात, आणि खळग्यातून आपल्या भिंतीत. माझी सुई कोणाला टोचली नव्हती, अहो."

नवऱ्याची मान खाली गेली. बाबा गादी तिथेच टाकून गेले.

पुढच्या कोरड्या दिवसांत नवरा-बायकोने पाइप लांबवून गटाराकडे वळवला, खळग्यात चिकणमाती ठोकून तिला घरापासून दूर जाणारा उतार दिला, आणि भिंतीची भेग खरवडून सिमेंटने बुजवली. काम दोन दिवसांचं होतं.

"आमच्या तळघरालाही ओल आहे गं," काकू म्हणाल्या. "येऊन बघशील?"

"तुम्हीच बघा की, काकू. पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठे पडतं, कुठे साचतं, ते बघा. एवढं बघायला कोणाची कृपा लागत नाही. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्या वेळी त्याचा माणूस कुठे बसलाय, तेही बघा."

काकू छत्री शोधायला गेल्या.